डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागितलेली लघवी

लस घेतल्यावर काही आठवड्यांनी माझे डोळे लालभडक झाले. डोळे आले समजून आईने माझा टॉवेल वेगळा केला. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र डोळ्यांच्या आत सूज आहे म्हणत लघवी तपासायला सांगितली. बाबा भडकले, "डोळे दाखवायला आलो, लघवी कशाला? काय नाय द्यायची!"

मी दिली. मूत्रपिंडालाही सूज निघाली! लशीनंतर क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती अशी स्वतःवरच उलटते, बाई म्हणाल्या. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या.

बहिणीच्या हळदीच्या दिवशीच रिपोर्ट चांगला आला. उजेड सोसेना म्हणून लावलेला काळा चष्मा काढून मी थेट मांडवात घुसलो. बेंजो दणाणत होता, आणि सगळ्यांच्या पुढे नाचत बाबा पाहुण्यांना ओरडून सांगत होते, "पोराची लघवी एकदम झकास हाय!"