डोक्यातला व्हॉल्व्ह

सुरतेत आमच्या नवागामच्या गल्लीतले एक शेजारी कधी कधी झोकांड्या खात घरी यायचे. पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामाला, त्यामुळे नखं कायम निळी. गुजरातेत दारूबंदी, म्हणून लोक आधी त्यांचं तोंड हुंगायचे. ते निमूट तोंड उघडून दाखवायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "पेयेल नई शे, भाऊ. डोकाना व्हॉल्व्ह खराब शे."

खिशात जनुक तपासणीचा रिपोर्ट असायचा. त्यात 'कॅल्शियम चॅनेल' वाचून मी, शाळेतली विज्ञानाची बाई, त्यांना रोज दूध प्यायला सांगून बसले. ते हसले नाहीत. "मॅडम, टाकीत रंग भरपूर आहे. व्हॉल्व्हच पुरा उघडत नाही, तर टाकी भरून काय होणार?" घरी जाऊन मी वाचलं. मेंदूच्या पेशींत कॅल्शियम सोडणारं एक प्रथिन असतं, ते बिघडलं की तोल जातो. त्यांचंच बरोबर होतं.

यंदा त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, प्रार्थनेच्या रांगेत तोल जाऊन झुलली. मुली हसल्या. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते मिलच्या कपड्यांतच आले. मला विचारून त्यांनी फळ्यावर टाकी, पाइप काढले, शेजारी 'व्हॉल्व्ह' लिहून सगळ्या वर्गाला समजावलं. "हे माझ्याकडूनच हिला आलंय," म्हणाले, मान खाली न घालता.

मुलगी जागेवरून उठली. "पप्पा, व्हॉल्व्ह नाही. प्रथिन म्हणतात."

त्यांनी निळ्या बोटांनी तो शब्द पुसला, खडू तिच्या हातात दिला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.