पाळीवर बसून जा

गेम सोडणाऱ्या माणसाकडून बाकी काही मिळो न मिळो, एक किस्सा हमखास मिळतो. "काऊन सोडला गा?" असं विचारलं की तो सरळ उत्तर देत नाही, मांडी घालून गोष्टच सांगायला बसतो. आमच्या टोळीत एकेक करून सगळ्यांनी सोडला आणि त्या गोष्टी माझ्याकडे साचत गेल्या.

कुडव्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, कम्प्युटर रिकामे असतात. त्या वेळात आम्ही पाच जण इंटरनेटवरचा एक गेम खेळायचो, कुणी माझ्या दुकानात, कुणी आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून. प्रत्येकाचा एक योद्धा. राक्षस मारा, लेव्हल वाढवा, टोळीचं गाव वसवा. त्याच जगात देशभरातले लोक धुमाकूळ घालत असायचे.

* * *

आमचा म्होरक्या दिवाकर. पाणीपुरवठ्याच्या कामावर सुपरवायझर आणि घराणं कोहळ्यांचं, म्हणजे ज्यांनी इकडे गावोगाव तलाव खोदले त्यांच्यातलं. गेममध्ये गावासाठी जागा निवडायची होती. बाकीच्या टोळ्या सोन्याच्या खाणीजवळ किल्ले बांधत होत्या. आमचा दिवाकर सगळा नकाशा पालथा घालून एका खोलगट माळावर थांबला.

"इथं उतार बरोबर आहे. पाणी आपोआप येते!"

"अबे, सोनं तिकडं आहे!" भाऊलाल ओरडला.

"सोन्यावर धान पिकते काय?"

संपलं! गेममध्ये तलाव नावाची वस्तूच नव्हती. दिवाकरने किल्ल्याभोवतीच्या खंदकाचे तुकडे एकाला एक जोडून तलाव केला, काठाला मातीची पाळ बांधली, पाणी सोडायचं दार बसवलं, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, काढल्या. दुसऱ्या टोळ्यांचे लोक येऊन हसून जायचे.

त्या गेममध्ये पाण्यात उतरलं की कपडे भिजून काळपट दिसायचे आणि थोड्या वेळाने वाळायचे. दिवाकरने आपल्या योद्ध्याला चिलखताऐवजी पांढरा पायजमा घातला होता. पहिल्याच दिवशी तो गुडघाभर पाण्यात जाऊन आला आणि लहान पोरासारखा किंचाळला, "पाह्य गा, पायजमा भिजला! एवढं केलं गेम बनवणाऱ्या पोट्ट्यायनं!"

आपण गेम बंद केला की आपला योद्धा गावातच डोळे मिटून बसून राहायचा. त्यावरून दिवाकरने नियम काढला. "जाताना पाळीवर बसून जा. तलावाले राखण पाहिजे."

* * *

पहिला सुटला कामठ्याचा भाऊलाल. घरची धानाची शेती. गेममध्ये टोळीचं गाव टिकवायचं तर रोज तेच ते काम, गवत कापा, धान रोवा, पोती भरा.

"दिवसभर बांधीत रोवणा करून राहिलो, आन् इथं येऊन पुन्हा रोवणाच! मंग मी बसतो कवा?"

आम्ही पोट धरून हसलो. त्याने योद्धा पाळीवर बसवला आणि गेला. पुढे एकदा त्याने मला खरी गोष्ट सांगितली. भर दुपारी शेतात रोवणा चालू होता. त्याने कंबर सरळ करायला मान वर केली, तर शेताच्या कडेच्या धुऱ्यावर एक माणूस डोळे मिटून बसलेला.

"कोण होता?" मी विचारलं.

भाऊलालने तंबाखू चोळली. "मीच होतो," म्हणाला.

* * *

महेंद्र राइस मिलमध्ये मशीनवर. त्याने सगळा उन्हाळा घालवून एक तलवार मिळवली होती. मग गेममध्ये अपडेट आलं, नवीन तलवारी आल्या, आणि महेंद्रची तलवार भाजी कापायच्या लायकीची राहिली.

"मिलमध्ये मशीन बदलली तर निदान शिकवतात तरी! इथं तर डायरेक्ट भंगारात!"

त्याने रागारागात योद्धाच डिलीट केला. पाळीवरची त्याची जागा रिकामी झाली. पाळीवर गवत वाढायचं, आणि कुणी बसलं की तिथलं दबायचं. महेंद्रच्या जागेवरचं गवत मात्र नंतरही कधी उठलं नाही. मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "यार, ते मले नको सांगू."

* * *

शीतल मॅडम ट्यूशन घेतात. त्यांना राक्षस मारण्यात काडीचा रस नव्हता.

"गेम कोण खेळत होतं, सर? मी तर तुमच्याशी बोलाले येऊन राहिली होती."

हळूहळू बोलायला कुणी उरलं नाही. आमची टोळी पांगली तशा बाकीच्या टोळ्याही पांगल्या. गेमच्या चौकातला बाजार ओस पडला. तिथे एक दुकानदार होता, माणूस नव्हे, गेममधलाच. कुणीही समोर आलं की एकच वाक्य म्हणायचा, "आइए योद्धा, क्या चाहिए?" मॅडम त्यालाच उत्तरं देऊ लागल्या. आज ट्यूशनला पोरं आली नाहीत, आज डोकं दुखतं, असं काहीबाही.

एके दिवशी घरी पाहुणे आले म्हणून त्या उशिरा गेल्या. दुकानदार म्हणाला, "आज देर हो गई?"

मॅडमनी आपली योद्धा तेवढी पाळीवर नेऊन बसवली आणि हेडफोन काढून ठेवला, तो पुन्हा घातला नाही. मी नंतर कितीतरी दुपारी त्या दुकानासमोर उभा राहून पाहिलं. "आइए योद्धा, क्या चाहिए?" याशिवाय तो एक शब्द बोलला नाही.

* * *

दिवाकरने गेम सोडला नाही. तो गेलाच. कावीळ पोटात उतरली आणि पोळ्याच्या आधी सगळं आटोपलं. त्याचा योद्धा तलावाच्या दाराशी डोळे मिटून बसलेला राहिला.

ज्या गावात बरेच दिवस कुणी येत नाही ते गाव कंपनी पुसून टाकते. त्याआधी बांध्या पिवळ्या पडतात, कारण पाण्याचं दार आपल्या हाताने उघडावं लागतं. मग मी रोज दुपारी जायचो, पाण्यात उतरून दार उघडायचो, पाळीवर बसायचो, परत यायचो. एवढाच माझा गेम. कंटाळा आला होता. गेमचा कंटाळा चालतो हो, पण मित्राच्या तलावाचा कंटाळा आला, हे स्वतःशी म्हणायला फार जड गेलं.

शेवटी दिवाकरच्या बायकोकडे जाऊन सांगितलं, "वहिनी, आता मी सोडतो."

त्याचा कम्प्युटर त्यांनी चादरीत बांधून माळ्यावर टाकला होता. पासवर्ड त्याने त्यांनाही कधी सांगितला नव्हता.

"सोडा भाऊजी," त्या म्हणाल्या. "किती दिवस राखण कराल?"

मी सोडला. धान कापणीला आलं तरी गेम उघडला नाही. गाव पुसलं की कंपनीचा मेसेज येतो. तो काही येईना. एका दुपारी राहवलं नाही आणि मी गेम उघडला.

गाव होतं. बांध्या हिरव्यागार. तलावाचं दार उघडं आणि पाणी खळाळत खाली चाललेलं!

मी तिथूनच फोन लावले. भाऊलाल म्हणाला, "पासवर्ड कोणाले आठवते गा?" महेंद्रचा तर योद्धाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "आईची शपथ, सर, मी नाही."

मी पाळीवरून चालत गेलो. भाऊलालचा योद्धा डोळे मिटून बसलेला. मॅडमची योद्धा डोळे मिटून बसलेली. मधे महेंद्रचं दबलेलं गवत. आणि दाराशी दिवाकर, तसाच, डोळे मिटून.

त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. मी बघत राहिलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू वाळला.