गोदीची मावशी

मराठी कथा-कादंबऱ्यांतली माणसं कायम उपाशी असतात, ही गोष्ट साऱ्या मराठी मुलखात एकाच व्यक्तीच्या लक्षात आली होती, आणि ती व्यक्ती म्हणजे माझ्या बायकोची मावशी. ही माणसं प्रेम करतात, लांबलचक पत्रं लिहितात, गच्चीवर उभी राहून चंद्राकडे बघतात, प्रसंगी देशासाठी तुरुंगातही जातात. पण सकाळपासून त्यांच्या पोटात काय गेलं, याची चौकशी लेखक करत नाही. मावशी करत असे. मी तेव्हा गोंदियाला शाळामास्तर होतो, नुकतंच लग्न झालं होतं, आणि रविवारी आम्ही नवराबायको जवळच्या मुर्री गावी मावशीकडे जेवायला जायचो. जावई गोष्टी लिहितो, हे बायकोने तिला कधीच सांगून टाकलं होतं. एका दुपारी मावशी सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली आणि म्हणाली, "वाचा तं खरं." मी भीतभीत सुरुवात केली. माझी नायिका खिडकीशी बसून अश्रू ढाळत होती. दुसऱ्याच वाक्याला मावशीने हात वर केला.

"हे पोट्टी जेवली का जी?"

मी म्हणालो, ती दुःखात आहे.

"दुःखात आहे तं मंग जेवाले पायजे. उपाशी मानसाले रडाची तरी ताकद राहते का?"

पुढच्या रविवारी मी नायिकेला भात वाढून घेऊन गेलो. मावशीने विचारलं, भातावर काय. मी वरण म्हणालो. लाखोळीचं की तुरीचं, असा पुढचा प्रश्न आला. अशा रीतीने माझ्या लेखनात स्वयंपाकघर शिरलं. मग हळूहळू त्या स्वयंपाकघराला चूल आली, चुलीला धूर आला, आणि त्या धुरात डोळे चोळणारी खरी बाई दिसायला लागली. वाङ्मयाचे मोठमोठे ग्रंथ वाचून जे मला जमलं नव्हतं ते एका वरणाने जमवलं.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे मावसाजी, हे त्या घरातलं न बोलणारं माणूस. त्यांच्या वाडवडिलांनी गावोगावी तळी बांधली होती आणि बोलायचं काम बहुधा तळ्यातल्या बेडकांवर सोपवलं होतं. मी वाचायला लागलो की ते भिंतीला टेकून शांतपणे झोपत. तरीही एकदा बाजारात भेटल्यावर ते गाल चोळत म्हणाले, "परवाची गोष्ट लय चांगली होती." मी चकित झालो. मग उलगडा झाला. गोष्ट रंगली की मावशीचं लक्ष तांदळातून उडे, आणि पुढले दोन-तीन दिवस मावसाजींच्या दाताखाली खडे येत. भात स्वच्छ असला की जावयाचं काही खरं नाही, हे ते ओळखत. इतकी निःपक्षपाती समीक्षा माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही.

या दोघांना मूलबाळ नव्हतं. मावशी त्याबद्दल कधी बोलली नाही. पण मी कागदावर माणूस आणला की ती त्याला घरात घेत असे. एका गोष्टीत मी एक म्हातारा पाटील मारला. मावशीने सूप खाली ठेवलं, विहिरीवर जाऊन आंघोळ केली आणि पौषाच्या थंडीत मावसाजींनाही करायला लावली. त्या दिवशी घरात फोडणी पडली नाही. आम्हाला बिनमिठाचा वरण-भात मिळाला. ओल्या अंगाने कुडकुडत मावसाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाटील तुमचा, अना न्हाऊन राहिलो मी."

अशात मी कादंबरी लिहायला घेतली. तळ्याकाठच्या गावातली गोदी नावाची मुलगी, तिचं लग्न, तिचा सासुरवास. मावशीने गोदीला लहानपणापासून वाढवली असं म्हटलं तरी चालेल. तिचा ताप, तिचे केस, तिच्या लग्नाची पंगत, सगळं मावशीच्या नजरेखालून गेलं. फक्त शेवट मी कोणाला सांगितला नव्हता. शेवटी गोदी तळ्यात जीव देते. मी ज्या कादंबऱ्या वाचत वाढलो होतो त्यांत चांगल्या मुलींची सोय अशीच लावलेली असे, आणि माझी कादंबरी त्यांच्या पंक्तीला बसावी अशी माझी फार इच्छा होती. तो शेवट मी वाचला तेव्हा मावशी उठली नाही. आंघोळीचं नावही काढलं नाही.

"कायले मारलं तिले?" तिने विचारलं.

"कथेची तशी गरज आहे, मावशी."

"मी नाई न्हात," ती म्हणाली. "ते मेली नाई." आणि तांदूळ निवडू लागली.

मी हस्तलिखित नागपूरच्या एका प्रकाशकांकडे पाठवून दिलं. लढाईचे दिवस होते, कागद मिळेनासा झाला होता, आणि महिन्यांमागून महिने गेले तरी तिकडून होय-नाही काही येईना. मी आतून खचलो. आपण मास्तर आहोत, मास्तरच राहावं, असं ठरवून मी बायकोला दौत-टाक आवरून ठेवायला सांगितलं. बायकोने आवरून ठेवलं आणि मावशीला निरोप धाडला. मावशी दुसऱ्याच दिवशी डोक्यावर गाठोडं घेऊन दारात हजर.

"पोट्टी सासरी पाठवली अना विचारपूस नाई? चला."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी सुट्टीच्या दिवशी आम्ही नागपूरच्या गाडीत बसलो. डब्यातल्या एका व्यापाऱ्याने विचारलं, "माताजी, कहाँ की तैयारी?" मावशीने गंभीरपणे सांगितलं, "लड़की का मामला है." त्यावर त्याने मुलीकडच्यांनी फार वाकू नये असा सल्ला दिला, आणि तो मावशीने मनावर घेतल्याचं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

प्रकाशकांचा छापखाना महाल भागातल्या एका बोळात होता. गळ्याला मफलर गुंडाळलेले, सर्दीने बेजार झालेले ते गृहस्थ टेबलाशी बसले होते आणि मागे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांची खटखट चालू होती. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "वाचतो आहे." मावशी जमिनीवर बसली. "वाचाचं राहिलं असन तं मी सांगते," म्हणाली, आणि तिने पहिल्या प्रकरणापासून कादंबरी सांगायला घेतली.

ती चांगली सांगत होती असं म्हणवत नाही. फुलचूरचे तिचे भांडकुदळ दीर माझ्या कादंबरीत कुठेच नव्हते, ते तिने गोदीचे चुलतसासरे म्हणून आणून बसवले. लग्नाची पंगत मी चार ओळींत उरकली होती. तिने वाढणाऱ्यांची नावं घेतली. पण गोदीला सासूने उन्हात उभं केलं तिथे मावशीने स्वतःच्या डोक्यावर पदर ओढला. मी मागे पाहिलं तर खटखट थांबली होती आणि कामगार हातातले खिळे घेऊन जवळ येऊन उभे होते. गोदी घरातून निघून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आली. तिथे मावशी थांबली.

"पुढचं या जावयाले विचारा. मी नाई सांगत." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला शेवटचं प्रकरण पाठ होतं. पाण्यावरचा चंद्रप्रकाश, तिचा पदर, सगळं पाठ होतं. पण त्या पाठमोऱ्या बाईदेखत ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "गोदी पाळीवर बसली. पाण्याकडे बघत खूप वेळ बसली."

"मग?" एका कामगाराने विचारलं.

"मग तिला भूक लागली," मी म्हणालो, "आणि ती उठून माहेरी गेली."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोललो आणि कळलं की असंच झालं होतं. मावशीने वाढवलेली ती मुलगी पाण्यात उडी टाकणारी नव्हतीच.

प्रकाशकांनी नाक पुसलं. "मास्तर, मी तुमची कादंबरी केव्हाच शेवटपर्यंत वाचली आहे," ते म्हणाले. "ती बुडाली, तेव्हापासून हस्तलिखित या खणात पडलंय. परत पाठवायला मन होईना आणि छापायलाही होईना. बुडालेल्या पोरी माझ्या खणात पुष्कळ आहेत. भूक लागून माहेरी गेलेली ही पहिलीच. कागद थोडा आहे, तोही भुरकट. आता सांगितलंत तसं लिहून द्या, छापतो."

मावशीने गाठोडं सोडलं आणि प्रकाशकांसकट सगळ्यांच्या हातावर अनरसे ठेवले. परतीच्या गाडीत ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भूक लागली, हे बेस सांगतलं. कोनी सुचवलं जी?"

"तुम्हीच, मावशी."

तिचा विश्वास बसला नाही. "मी तं नुसती विचारून राहिली होती," ती म्हणाली.

कादंबरी भुरकट कागदावर निघाली. तिला वाचक बेताचेच मिळाले. पण त्यांतल्या काहींनी आवर्जून पत्रं पाठवली, आणि पुढचं पुस्तक प्रकाशकांनी आपणहून मागितलं. आज लोक मला लेखक म्हणतात, तेव्हा संकोच वाटतो. लिहिणारा मी असेन, पण माणसं जगवायला मला मावशीने शिकवलं, आणि तेही आपण काही शिकवतो आहोत याचा तिला पत्ता नसताना.

पुढे माझी बदली भंडाऱ्याला झाली, आणि स्वराज्य येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात मावशी गेली. तिचे दिवस झाल्यावर मी मुर्रीहून निघालो तर मावसाजींनी मला थांबवलं. "सध्या काय लिहून राहिले?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. नवी गोष्ट पिशवीत होती, ती मी वाचली. मावसाजी भिंतीला न टेकता बसले आणि शेवटपर्यंत जागे राहिले.

"तिनं कुठी थांबवलं असतं?" ते म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा पाहिली. एकेक पान उलटून मावसाजी माझ्या तोंडाकडे बघत, मी त्यांच्या. कुठल्या वाक्याला तिने हात वर केला असता, ते काही सापडलं नाही. ऊन उतरल्यावर मी स्टेशनचा रस्ता धरला. ती गोष्ट पुढे कोणाचीही हरकत न येता छापून आली.