‘मरून राहिलो’चा अर्थ

मुलीने माझ्याकडे स्वतःच्या गाण्याचा अर्थ लिहून मागितला, तेव्हा मी मनातून फार सुखावले. एरवी तिला माझ्या मराठीचा कंटाळा. आयुष्यभर कॉलेजात कविता शिकवली, पण घरात माझं ऐकायला कुणाला वेळ नाही. आता तिच्या बँडचा एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि येणाऱ्यांच्या हातात द्यायला पानभर मजकूर हवा होता.

“यात समाजावर टीका काय आहे ते लिही, आई,” ती म्हणाली. “लोकायले नुसताच आवाज वाटते.”

लोकांचं चुकत नव्हतं. बँड म्हणजे ही आणि हिची एक मैत्रीण, मध्ये एक लॅपटॉप. वाद्य एकही नाही. मुलगी नागपूरबाहेर वाडीला एका गोदामात शिफ्टची सुपरवायझर आहे. लोकांनी घरबसल्या मागवलेला माल तिथून रवाना होतो. तिथलेच आवाज तिने मोबाइलवर टिपून आणले होते. खोकी वाहणाऱ्या पट्ट्याची घरघर, शटर, स्कॅनरची टुकटुक, मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा. ते एकावर एक चढवायचे आणि त्यातून कुजबुजल्यासारखे शब्द सोडायचे. या संगीताला इंडस्ट्रियल म्हणतात. मला आधी वाटलं, कुठल्याशा कारखान्याचं गौरवगीत लिहिलंय.

शब्द तिने कागदावर उतरवून दिले:

बेल्ट चालून राहिला
खोका येऊन राहिला
साहेब हसून राहिला
आम्ही मरून राहिलो

बस, एवढंच. हेच पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी आवाज थोडा खाली.

मी पुण्याची. लग्न होऊन नागपूरला आले आणि इथलं ‘करून राहिलो’, ‘मले’, ‘काहून’ कानाला सवयीचं झालं. भाजीवाला “पाणी येऊन राहिलं” म्हणाला, की मी मुकाट्याने वाळत घातलेले कपडे काढते. पण ओळ कागदावर आली, वर तिला कविता म्हटलं, की मी पुन्हा पुण्याची होते. त्या चार ओळी वाचून माझ्या अंगावर काटा आला. पट्टा चालला आणि मग नुसता उरला. खोका आला आणि पडून राहिला. आणि आम्ही? आम्ही मेलो, पण गेलो नाही. मरूनही राहिलो!

पोरीने काय लिहिलंय, मी स्वतःशीच म्हणाले. बंद पडलेल्या कारखान्यात मेलेले कामगार अजून पाळीवर येतात, असं हे गाणं आहे. आपल्या शहरात बंद गिरणीची भिंत पाहत लोक म्हातारे झाले, त्यांचं हे गाणं आहे. ‘साहेब हसून राहिला’वर तर मी दोन परिच्छेद खरडले. मालक निघून गेला, त्याचं हसू तेवढं भिंतीवर राहिलं, असं बरंच काही.

मे महिना होता. दुपारी आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. कूलर लावून, कानात इयरफोनची बोंडं घालून मी ते गाणं ऐकत बसायचे. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना पट्ट्याच्या घरघरीखाली आणखी काहीतरी सापडलं. कुणीतरी श्वास घेत होतं. घ्यायचं, अडायचं, बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम सोडायचं. त्या मधल्या वेळात माझाही श्वास थांबायचा. नंतर स्वयंपाकघरात कुकरच्या शिटीआधीसुद्धा मला तो ऐकू यायला लागला. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. आणि त्यावर खूशही झाले, कारण लिहायला एक झकास वाक्य मिळालं होतं: ‘माणसं मेली आणि यंत्राला श्वास फुटला.’

कविता शिकवायची तर जागा पाहावी, या माझ्या जुन्या हट्टाने मी एकदा तिच्या पाळीतल्या मधल्या सुट्टीला रिक्षा करून वाडीला गेले. भर उन्हात अमरावती रोडवर नुसत्या ट्रकच्या रांगा. गोदामाच्या फाटकाबाहेर एका ट्रकची सावली पडली होती, वीतभर. त्या सावलीत दहा-पंधरा माणसं पाठ ट्रकला लावून उभी होती. सगळ्यांनी उन्हासाठी डोक्याला, तोंडाला दुपट्टे आणि गमछे गुंडाळलेले, फक्त डोळे उघडे. कुणी बोलत नव्हतं. मग ट्रक सुरू झाला आणि निघून गेला, सावलीही गेली. माणसं तशीच उभी राहिली. रखरखत्या उन्हात, मागे काहीही नसताना, पाठ टेकल्यासारखी.

त्यातल्या एकीने माझ्याकडे पाहून हात वर केला. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. ती माझ्याच दिशेने यायला लागली, तशी मी दोन पावलं मागे सरले.

“आई, इथं काय करून राहिली तू? ऊन लागन ना!” तिने दुपट्टा खाली केला. माझीच मुलगी.

मी हसले, तीही हसली, आणि मी घरी येऊन तो प्रसंगसुद्धा मजकुरात घातला. जिवंत माणसं मेल्यासारखी दिसतात, वगैरे.

पान तयार झाल्यावर नवऱ्याला वाचायला दिलं. तो पक्का नागपूरचा, कवितेपासून चार हात लांब. चिवडा खात खात त्याने वाचलं आणि खो खो हसायला लागला.

“हे काय लिहिलं वं? बंद कारखाना कुठून आणला? भुतं काहून घातली यात?”

“मग ‘चालून राहिला’ म्हणजे काय?”

“म्हणजे चालू आहे ना! आत्ता, या टाइमाले. मी चिवडा खाऊन राहिलो म्हणजे काय खाऊन मेलो का?”

मीही हसले. माझी फजिती मलाच मजेशीर वाटत होती. एवढी वर्षं इथे राहून मी चक्क नागपुरीचं पुणेरी केलं होतं. बेल्ट चालतो आहे. खोका येतो आहे. साहेब हसतो आहे.

“आणि शेवटची ओळ?” मी विचारलं.

त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. चिवड्याची वाटी त्याने खाली ठेवली. मी पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं: आम्ही मरतो आहोत.

मी पुन्हा कानात बोंडं घातली. पट्टा सोडला, शटर सोडलं, तेवढा श्वासाचा आवाज धरला. आत ओढताना शेवटी एक बारीकशी शिटी वाजत होती. ती मी ओळखली. लहानपणी मुलीला दमा होता. तिला खांद्यावर उभी धरून मी ही शिटी कमी व्हायची वाट पाहायचे. इतके दिवस मी तिच्या श्वासालाच यंत्राचा श्वास म्हणत होते. मला स्वतःची किळस आली.

त्या दिवशी तिची सुट्टी होती. ती आतल्या खोलीत कूलरसमोर, उघड्या फरशीवर पडली होती.

“गाण्यात तुझा श्वास आहे?”

“हो. कामावरचा.”

“दमा परत सुरू झालाय?”

“पत्र्याचं छत आहे, आई. चॉकलेटं वितळते म्हणून त्या खोलीत एसी आहे. आम्ही इकडे.” ती अगदी सहज बोलत होती. “कोणी ना कोणी रोजच चक्कर येऊन पडते. उठवतात, पाणी मारतात, मंग पुन्हा बेल्टवर.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती, तेच मला सहन होईना.

“सांगूनच तर राहिली होती,” ती म्हणाली. “तू अर्थ लिहून राहिली होती.”

मी तिच्या उशाशी फरशीवर बसले.

“उद्या सकाळी मले उठवजो नको,” ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

कूलरच्या आवाजात तिचा श्वास ऐकू येईना. मी उठून कूलर बंद केला.