नकाशावरची रिकामी जागा

आमच्या भागात छोटा विमानतळ होणार म्हणून किनाऱ्यावरच्या एका गावात, शाळेत बैठक होती. मी सरावलीहून गेलो होतो. नागपूरला आईकडे जायचं तर माझा अख्खा दिवस गाडीत मोडतो, त्यामुळे खरं सांगायचं तर मी खूशच होतो.

विमानतळाच्या कामासाठी आलेल्या सरकारी साहेबांनी बाकावर नकाशा पसरला. "सोय तुमचीच होणार आहे," ते म्हणाले, "आणि जागाही रिकामीच आहे."

तेव्हा साठीची एक कोळीण पुढे आली. डोक्यावरची सुक्या मासळीची पाटी तिने खाली ठेवली, पदराला बोट पुसलं आणि नकाशावर टेकवलं.

"रिकामी? इथं आमचे बोंबील वाळतात."

"आम्ही पाहणी केली आहे, बाई. तिथे एक बांबूसुद्धा नव्हता."

"कवा केली?"

साहेबांनी कागद चाळले. "जुलैत."

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा वाळवणीचे बांबू सोडून घरात ठेवतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण या शिकलेल्या माणसांना कुणाला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही!

"पावसात तुमचं इमान उडलं नाय," बाई म्हणाली, "तर धावपट्टी रिकामी हाय म्हून लिवाल काय?"

कुणीच बोललं नाही. मीही नाही, आणि त्याचीच मला आजही जास्त चीड येते.

तिने पाटीतला एक बोंबील काढून नकाशावर बरोब्बर त्या जागी ठेवला. साहेबांनी तो पेनच्या टोकाने खाली ढकलला आणि रुमालाने नकाशा पुसून घेतला.

झाली जागा रिकामी.