टूल स्टोअरच्या मामांच्या गोष्टी

रहस्यकथांची मासिकं आमच्या चाळीत सगळेच वाचायचे. एक अंक दहा हातांतून फिरायचा, कव्हर सुटायचं, शेवटी त्यातली पानं भजी बांधायला जायची. मला ते बघवत नसे. मी नगरकडचा, मॅट्रिक पास, चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. मॅट्रिक पास हे मी तेव्हा न विचारता सांगायचो. मी माझे अंक वेगळे विकत घ्यायला लागलो, आणि नुसते घेऊन भागेना म्हणून त्यांवर लेखकांच्या सह्या घ्यायला लागलो.

लोक म्हणायचे, सही घ्यायची तर नटाची घे, क्रिकेटवाल्याची घे, ह्या खून-दरोडेवाल्यांची कसली घेतोस? मी भांडायला उठायचो. रविवारी सायकल काढायची, दापोडी, खडकी करत पुणं गाठायचं, मासिकाच्या कचेरीत लेखकाचा पत्ता काढायचा आणि थेट त्याच्या दारात उभं राहायचं. बहुतेक लेखक कुठंतरी कारकून, नाहीतर मास्तर. दारात अनोळखी माणूस बघून आधी घाबरायचे आणि अंक पुढे केला की आत बोलावून चहा पाजायचे. एकानं तर घाईत दोनदा शाई सांडली. माझा नियम एकच: सही माझ्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे, आणि गोष्ट जिथं सुरू होते त्याच पानावर. पोस्टानं आलेली सही मी धरतच नसे.

एकाच लेखकाची सही मिळत नव्हती, आणि नेमका तोच माझा सगळ्यांत लाडका. त्याच्या गोष्टीत खून असायचा, गुप्तहेर असायचा, मुंबईतला क्लब असायचा, सगळं इतरांसारखंच. पण वाचून झाल्यावर खुनी कोण ते मी विसरायचो, आणि मेलेल्याच्या बायकोनं शेजारणीकडे वाटीभर तेल मागितलेलं लक्षात राहायचं. मासिकाचा मालक दर खेपेला एकच सांगायचा, "ते कुणाला भेटत नाहीत." मी म्हणायचो, मोठा माणूस असणार, त्याला कसला आलाय वेळ!

आता मामांचं सांगतो. मामा आमच्या टूल स्टोअरच्या खिडकीत बसायचे. ड्रिल हवं, आटे पाडायला टॅप हवा, तर चिठ्ठी भरून सही करायची, खिडकीतून आत सरकवायची, आणि मामा वस्तू काढून द्यायचे. गाव तळवड्याच्या अंगाला. जमीन कारखान्यांसाठी गेली आणि तिच्या बदल्यात ही नोकरी आली. मान खाली घालून काम करणारा माणूस. सगळे मामाच म्हणायचे. बोलणं पक्कं गावचं, हाय-न्हाईचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मी त्या न भेटणाऱ्या लेखकाचं आणि त्याच्या वाटीभर तेलाच्या गोष्टीचं पुराण लावलं होतं. आम्ही पाच-सहा जण असू. मामा पलीकडच्या बाकावर डबा खात होते. माझं संपल्यावर उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तो अंक उद्या घिऊन या. मी सही करतो."

"तुम्ही कशाला मामा?"

"ती गोष्ट माजी हाय."

दुसऱ्या दिवशी मी अंक नेला. खरं वाटलं म्हणून नव्हे, मजा म्हणून नेला, आणि आदल्या संध्याकाळीच आमच्या शॉपमधल्या अर्ध्या कामगारांना सांगून ठेवलं होतं. कँटीनमध्ये ही गर्दी. मामांना ती दिसली, तरी ते आले. म्हणाले, "नाव मासिकाच्या मालकानं ठरीवलंय. त्या नावानं आमी तिघं लिवतो. मी त्यातला येक."

"बरं. मामा, मुंबईला कधी गेलाय?"

"न्हाई."

"क्लब बघितलाय?"

"न्हाई."

"मग तिथं जाऊन खून कसा केलात हो?"

काय हशा पिकला! माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं आणि अंगात मस्ती होती. पण खरं कारण आणखी वाईट होतं, तेही सांगून टाकतो. हाय-न्हाई बोलणारा माणूस असं लिहू शकतो हे मला पटतच नव्हतं. मी मॅट्रिक पास होतो, आणि मला साधं पत्र लिहायला चार कागद फाडावे लागायचे.

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हात पँटला पुसला आणि म्हणाले, "पेन द्या." कुणीतरी दिलं. मामा पानावर वाकले. नीब कागदाला टेकणार, तेवढ्यात मी अंक खालून ओढून घेतला.

"ओ मामा, अंक खराब करू नका माझा!"

पुन्हा हशा. मामांनी पेन ज्याचं त्याला परत दिलं, डबा उचलला आणि गेले. त्या दिवसापासून त्यांचं नाव लेखकमामा पडलं. पाडलं मीच. खिडकीशी जाऊन पोरं ओरडायची, "लेखकमामा, एक ड्रिल द्या, आणि सोबत एक मुडदा!" मामा चिठ्ठी बघायचे, ड्रिल द्यायचे.

पूर्वी त्या लेखकाची एखादीच गोष्ट फसायची, पुढच्या वर्षापासून सगळ्याच एकदम पडल्या. नुसत्या मारामाऱ्या, पाठलाग, कुणी कुणाकडे तेल मागेना की मीठ. मला मनापासून वाईट वाटलं. आणि माझी अक्कल बघा, मी ते जाऊन मामांनाच सांगितलं. खिडकीत चिठ्ठी सरकवत म्हणालो, "मामा, तुमचा तो लेखक संपला हो."

"व्हय," मामा म्हणाले, "संपला." आणि माझ्या चिठ्ठीवरचं ड्रिल काढायला आत वळले.

मामा रिटायर झाले. मला वाटतं त्यांच्या निरोपाला मी ओव्हरटाइमवर होतो, नक्की आठवत नाही. ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी ते मासिक बंद पडलं. मालक वारला होता, छापखाना आवरायला काढला होता. जुने अंक मिळतील म्हणून मी धावलो. तिथं छपाईचे खिळे जुळवणारा एक म्हातारा कंपोझिटर पेट्या बांधत बसला होता. मी लेखकाचं नाव सांगितलं.

"त्यातला कुठला?" तो म्हणाला. "त्या नावाचे तिघं होते."

मला मामांचं 'आमी तिघं' आठवलं. मी वाटीभर तेलाची गोष्ट सांगितली.

"तो होय! तुमच्या चिंचवडचाच. कुठल्यातरी कंपनीत स्टोअरला होता. अक्षर काय सुंदर होतं त्याचं! जुळवताना डोळ्यांना त्रास म्हणून नाही. त्याची एक गोष्ट मी ठेवलीय, थांबा."

पेटीच्या तळातून त्यानं दोऱ्यात ओवलेला एक जुडगा काढला. फेकायच्या चिठ्ठ्या होत्या कारखान्यातल्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात गोष्ट लिहिलेली. मी एक चिठ्ठी उलटली. पुढच्या बाजूला लिहिलं होतं, अर्धा इंची ड्रिल, नग एक. खाली सही माझी होती.

मी तिथंच, खिळ्यांच्या धुळीत बसून एकेक चिठ्ठी उलटून बघितली. कंपोझिटर म्हणाला, पाणी देऊ का? शरमेनं कानशिलं तापतात म्हणतात, ते मला पन्नाशीकडे झुकल्यावर कळलं, ते असं.

पुढच्या रविवारी पत्ता काढत मी मामांच्या घरी गेलो. बरोबर चांगल्या गोष्टींचे सात अंक होते. मामा अंगणात बाजेवर बसले होते, खूप वाळलेले. मामी शेजारी तांदूळ निवडत होत्या. मी चपला काढल्या आणि पायांवर डोकं ठेवलं. म्हणालो, "मामा, चुकलो."

"बसा," मामा म्हणाले. "चा घ्या."

मी अंक पुढे ठेवले. त्यांनी एकेक हातात घेतला, कव्हरवरून हात फिरवला. आपल्या गोष्टी इतक्या जपलेल्या त्यांनी पहिल्यांदाच बघितल्या असाव्यात. मग पेन मागितलं. मी दिलं. पण पहिलं पान न काढता त्यांनी शेवटचं काढलं आणि शेवटच्या परिच्छेदावर सरळ काट मारली.

"ह्यो माजा न्हाई. मालक जोडायचा. गुप्तहेर शेवटाला हासला पायजे म्हनायचा."

साती अंकांत त्यांनी तसंच केलं. वाचून बघावं लागलं नाही, आपलं कुठं संपलं आणि मालकाचं कुठं सुरू झालं ते त्यांना पाठ होतं. काट मारलेल्या गोष्टी मी नंतर पुन्हा वाचल्या. कुठलीच हसून संपत नाही. एकीत बाई तेल घेऊन घरी येते आणि दिवा लावते, एवढंच.

मी म्हणालो, "मामा, आता सही करा."

"कुटली करू? छापलंय ते नाव मालकाचं. आन माजं लिवलं तर कोन वळखनार?"

"मी ओळखीन ना, मामा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तवा कँटीनमदी तसंच वाटलं व्हतं," ते म्हणाले. "येकानं जरी वळखलं तरी पुरं." आणि पेन बंद करून माझ्या हातात ठेवलं.

मी अंक पिशवीत भरले. मामी मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मामांचं लिहिलेलं अशा अंकांत छापून यायचं हे त्यांना आजच समजलं होतं. बांधापाशी थांबून म्हणाल्या, "लई लिवायचे हो पयलं. सुट्टी न्हाई, सनवार न्हाई, बघावं तवा लिवतच. मग येक दिस कंपनीतनं आले आन हुते न्हवते ते समदे कागद चुलीत घातले. म्या इचारलं तर म्हनले, आता न्हाई लिवायचं. पुन्हा पेन्शिल हातात धरली न्हाई. तुमी संगं कामाला व्हता न्हवं? काय झालं व्हतं वो त्या दिशी कंपनीत?"

अख्ख्या शॉपमध्ये माझ्याएवढं बोलणारा कुणी नव्हता.

"मला नाही माहीत, मामी," मी म्हणालो आणि चालू लागलो.