प्रभूने मला थांबवले नव्हते

ही गोष्ट मी कधीच कोणाला सांगितलेली नाही. बायकोला अर्धी ठाऊक होती, ती गेली. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो, नाहीतर डोळे मिटून प्रार्थना सुरू करायचो. पाळकाला ही सोय असते. प्रार्थना करणाऱ्या माणसाला मध्येच कोण अडवणार? आता गुडघे टेकवत नाहीत, खुर्चीतच बसतो. तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहितो आहे.

आमगावात आमची ख्रिस्ती मंडळी छोटी होती. बहुतेक धानाची शेती करणारे, म्हणून माझा एक उपदेश ठरलेला असे — पाऊस देव पाडतो, पण रोवणीला कंबर आपल्यालाच वाकवावी लागते. चिखलात उतरायचं नाही आणि बांधावर बसून भरवसा, भरवसा म्हणायचं, याला मी आळशाची भक्ती म्हणायचो. लोक माना डोलवायचे. मी फार छान बोलायचो. हे मुद्दाम सांगतो — मला कळत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

दरेकशाला सुखराम आणि फुलवंताबाई होते. जंगलात मजुरी करणारं जोडपं, गावात ख्रिस्ती असं ते एकच घर. बाप्तिस्मा मीच दिला होता. त्या दिवशी त्यांचा हात धरून म्हणालो होतो, तुम्ही एकटे नाही, हाक मारा, आम्ही येऊ.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. एका सकाळी सुखरामचा धाकटा भाऊ बिसन पॅसेंजरने आमगावला आला. तो आमच्यातला नव्हता. दारात चपला काढून उभा राहिला.

“पास्टरजी, चला जी. भाऊ गेला. वयनी म्हणते, पास्टर आल्याबिगर माती द्याची नाही.”

मी म्हणालो, तू पुढे हो, मी दुपारच्या गाडीने येतो.

आता भीतीचं सांगतो. फार मोठी नव्हती ती. आदल्या आठवड्यात बाजारात चहाच्या टपरीवर कोणीतरी हसत हसत म्हणालं होतं, “पास्टर, दरेकशाकडे लई चक्कर मारून राहिले, एखाद दिवशी तंगडे हातात येतील.” एवढंच. कोण होता तो, कुठला होता, मी विचारलंही नाही. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो.

दुपारी स्टेशनवर गेलो. तिकीट काढलं. पिशवीत बायबल. गाडी आली, थांबली — आणि मी बाकावरून उठलो नाही. कोणी धरलं नव्हतं. पाय चांगले होते. गाडी सुटली, आणि मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं.

घरी आलो तर बायको म्हणाली, “गाडी चुकली?”

“नाही. प्रभूने थांबवलं.”

तोंडातून निघून गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमचा प्रभू मटण आणायला जाताना नाही जी थांबवत कधी.” पुन्हा ती त्यावर बोलली नाही.

रविवारी मी तेच मंडळीसमोर सांगितलं. कोणी विरोध केला असता का? आमच्यात ‘प्रभूने सांगितलं’ म्हटल्यावर पुढे कोणी विचारत नाही. लोकांनी माझ्या जिवासाठी आभार मानले. दोघी-तिघी रडल्या. पुढे ती माझी साक्ष झाली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत उभं राहून सांगायची गोष्ट. गोंदियाच्या सभेत सांगितली, नागपूरला सांगितली, आणि दर वेळी थोडी वाढवली. आधी ‘धोका होता’ म्हणायचो. मग दरेकशाच्या फलाटावर माणसं दबा धरून बसलेली झाली. मग त्यांच्या हातात लाठ्या आल्या.

खरं काय झालं होतं ते मला महिन्याभरातच कळलं होतं. बिसन बाजारात भेटला. रागावला नव्हता, नुसतं विचारलं, “काऊन नाही आले जी? दोन गाड्या पाहिल्या आमी.” खड्डा गावकऱ्यांनीच खणला होता. सुखरामच्या देवाचा माणूस येऊन राहिला, थांबा, असं गावातल्या म्हाताऱ्यांनीच सगळ्यांना थांबवून धरलं होतं. दिवस कलला तेव्हा फुलवंताबाईंनी स्वतःच, पाठ होती तेवढी प्रार्थना म्हटली. मध्येच विसरल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. सगळं गाव चपला काढून उभं होतं.

हे ठाऊक असूनही मी साक्षीतून लाठ्या काढून टाकल्या नाहीत.

मग ती साक्ष फिरत फिरत दरेकशाला पोचली. फुलवंताबाईंनी माझा शब्द खरा मानला — मीच त्यांना तसं शिकवलं होतं ना? लाठ्या घेऊन आपल्या गावचे कोण बसले होते, हे त्या शोधत राहिल्या. शेजारणीकडे जाणं सोडलं. आणि शेवटी त्यांना वाटलं, पास्टरला बोलवायला गेलेला बिसनच. त्यानेच सापळा लावला असेल.

बिसन पुन्हा माझ्या दारात आला. “वयनी माझ्या हातचं पाणी पीत नाही जी. पोरं बोलले तर तोंड फिरवते. तुमी एक डाव येऊन सांगा ना तिले, का असं काही नव्हतं.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, मी प्रार्थना करतो.

असा माझा भरवसा. बांधावर बसलेला.

काही वर्षांनी बिसन वारला. फुलवंताबाई मातीला गेल्या नाहीत. आंगण एकच होतं, आपलं दार लावून आत बसल्या. हे कानावर आलं तेव्हा मात्र मी गाडीत बसलो. तोवर मी सेवेतून निवृत्त झालो होतो. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती.

त्या खाटेवर होत्या, वाळून गेलेल्या. मला पाहून हात जोडले. “प्रभूनं वाचवलं जी तुमाले. नाहीतर आमच्याच घरच्याच्या हातून पाप झालं असतं.” मग म्हणाल्या, “प्रार्थना करा ना जी.”

मी डोळे मिटले. देवाजवळ क्षमा मागितली, माझ्या पापाची, मोघम, सगळेच मागतात तशी. त्यांनी ‘आमेन’ म्हटलं. चहा पाजला. परतीच्या गाडीची वेळ झाली.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. मातीला मी गेलो होतो, वेळेवर.

जुळवलेली वाक्यं अजून तशीच आहेत. फुलवंताबाई, फलाटावर कोणी नव्हतं. बिसन मला न्यायलाच आला होता. मी घाबरलो, आणि ते मी प्रभूच्या नावावर घातलं. मला क्षमा करा.